विश्रामबागेतली बर्गरची रांग: कधी जावं, काय मागवावं आणि ती हलत का नाही

कृष्णाकाठ
सांगलीच्या विश्रामबागेत त्या बर्गरवाल्यांचं आउटलेट सुरू होऊन आठवडा झाला. (नाव लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.) रविवारी संध्याकाळी रांग दाराबाहेर, फुटपाथवर. फोटो आणि रील भरपूर फिरतायत, त्यात भर नको. इथे कामाचं लिहा: कोणत्या वेळी जावं, किती वेळ लागेल हे दारातच कसं ओळखायचं, काय मागवलं तर लवकर हातात पडतं, आणि आत एवढी पोरं धावत असूनही रांग मुंगीच्या पावलाने का सरकते. ‘त्यापेक्षा आपलं भडंग बरं’ यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

हिशेबी
रांगेतली डोकी मोजू नका. चौघांचं कुटुंब म्हणजे एकच ऑर्डर. आत डोकावून पिकअपच्या स्क्रीनकडे बघा. ‘तयार होत आहे’च्या रकान्यात किती नंबर आहेत ते मोजा, मग घड्याळ लावून पाच मिनिटांत त्यातले किती पलीकडे सरकले ते बघा. समजा ४० नंबर थांबलेत आणि पाच मिनिटांत ८ सुटले. म्हणजे मिनिटाला १.६. तुमचं टोकन या क्षणी निघालं तरी ट्रे हातात यायला २५ मिनिटं. ऑर्डर देण्याच्या रांगेचा वेळ त्यात धरलेला नाही, तो वरती. हा लिटलचा नियम, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. बँकेत, टोल नाक्यावर, दवाखान्यात, कुठेही चालतो.

भावा_सांगलीकर
म्हणजे रांग बघून पळून जायचं नाही, स्क्रीन बघून पळायचं. 😄

भट्टीवाला
हिशेबींचं बरोबर आहे, पण मिनिटाला किती नंबर सुटतात तो आकडा ठरतो कुठे ते सांगतो. लोकांना वाटतं काउंटरवर. तसं नाही, तो ठरतो फ्रायरवर.

फ्राइज उणे १८ अंशांवर गोठलेले येतात. तेल १७० ते १७५ अंशांवर. जाळी अर्धीच भरायची, अंदाजे ७०० ग्रॅम. तीन मिनिटं तळायचं, निथळायचं, मीठ मारायचं. तळताना पाणी उडतं आणि वजन तिसऱ्या हिश्शाने घटतं, म्हणजे हातात साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. मध्यम आकाराचे चार पुडे. निथळण्यासकट साडेतीन मिनिटं धरली तर एका जाळीतून तासाला सतरा घाणे, म्हणजे ६८ पुडे. दोन जाळ्यांच्या भांड्यातून १३५ च्या आसपास.

आता बाजू पलटा. तासाला ६० ऑर्डर, आणि आपल्याकडे एकटा माणूस क्वचितच येतो. ऑर्डरमागे सरासरी अडीच कॉम्बो धरले तर १५० पुडे लागतात. काउंटरवर चार काय, आठ माणसं उभी करा, फ्राइज १३५ च निघणार. उरलेले पंधरा पुढच्या तासाच्या डोक्यावर.

मिरजमेल
मग जाळी पूर्ण भरायची की. सातशेऐवजी चौदाशे.

भट्टीवाला
नव्या पोरांच्या हातून हीच चूक होते, आणि पहिल्या पंधरवड्यात सगळीच पोरं नवी असतात. एवढा गोठलेला माल एकदम पडला की तेल वीस-तीस अंशांनी बसतं. बर्नर कितीही जोरात चालला तरी ते लगेच चढत नाही. तोवर फ्राइज तळले जात नाहीत, तेलात भिजतात. वरून पिवळे, आतून ओले, हातात धरले की मान टाकतात. शिवाय टायमर तीन मिनिटांनी वाजला तरी माल कच्चाच असतो, म्हणून अजून दोन मिनिटं ठेवतात. पाच मिनिटांत दुप्पट माल निघतो खरा, पण निम्मे लोक परत काउंटरवर येतात आणि ते पुडे दुसऱ्यांदा तळावे लागतात.

उलट टोकाची चूकही होते. गर्दी येणार म्हणून आधीच तळून ठेवणं. दिव्याखाली फ्राइज सात मिनिटांपर्यंत बरे राहतात, नंतर वाफेनं सालपट मऊ पडतं. नीट चालवलेल्या किचनमध्ये ते फेकतात. तुमच्या पुड्यातले फ्राइज मऊ निघाले तर तिथल्या तिथे बदलून मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शुभा_कुपवाड
कियॉस्क, म्हणजे आपली ऑर्डर आपणच द्यायच्या स्क्रीन, ठेवलेत ना चार? त्यानं रांग कमी व्हायला नको का?

हिशेबी
ताई, कियॉस्कनं रांग फक्त जागा बदलते. पूर्वी ती काउंटरपुढे असायची, आता पिकअपपुढे. उलट ऑर्डर पटापट आत पडतात आणि किचन जास्तच तुंबतं. फायदा एवढाच की पैसे भरून झाले की बसता येतं.

आणि रांग अचानक का फुगते त्याचा हिशेब देतो, कारण ‘काल तर एवढी नव्हती’ असं सगळे म्हणतात. किचनची ताकद तासाला ६० ऑर्डर धरा. तासाला ५० येत असतील तर सरासरी सहा मिनिटांत काम होतं. ५५ आल्या तर बारा. ५८ आल्या तर तीस. ५९ आल्या तर तासभर. पन्नासाची अट्ठावन्न म्हणजे गर्दी सोळा टक्के वाढली, पण थांबणं पाचपट झालं. (हे एका खिडकीच्या साध्या गणिताचे आकडे. प्रत्यक्षात थोडं इकडे-तिकडे होईल, पण वळण हेच.)

साठच्या वर गेलं की गणितच संपतं, रांग नुसती साचत जाते. सात ते नऊ तासाला ९० आल्या, तर नऊ वाजता ६० ऑर्डर शिल्लक. नऊनंतर गर्दी ओसरून तासाला ३० वर आली तरी ती शिल्लक फिटायला अकरा वाजतात. म्हणून ‘जेवणाची वेळ टळली की नऊला जाऊ’ हा सगळ्यात वाईट बेत. रांग सर्वांत लांब असते ती गर्दी संपता संपता, गर्दीच्या मध्यावर नव्हे.

कृष्णाकाठ
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग कधी?

भट्टीवाला
कामाच्या दिवशी दुपारी तीन ते पाच. वालचंद आणि विलिंग्डनची पोरं पाचनंतर यायला लागतात. सकाळी उघडल्या उघडल्याही बरं, पण पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडून. तेल तापणं, टोस्टर गरम होणं, पहिले पॅटी गरम ठेवायच्या कॅबिनेटमध्ये लागणं एवढं व्हायला हवं. बंद व्हायच्या आधीचा शेवटचा तास टाळा. गर्दी कमी दिसते, पण तेव्हा एक-एक भांडं बंद करून तेल गाळायला घेतात, सॉफ्टीचं मशीनही धुण्यावर जातं. माणसं कमी आणि वेळ तेवढाच.

शीतपेटी
मालाच्या बाजूनं थोडं. ‘गर्दी आहे हे माहीत असताना माल संपतोच कसा’ असं बरेच जण तावातावाने विचारतात. फ्रीजर भरलेला असतानाही माल संपतो, तो असा. बन आणि काही माल गोठलेला येतो आणि आदल्या रात्री थॉइंगला, म्हणजे बर्फ उतरायला, काढून ठेवावा लागतो. किती काढायचा हे मॅनेजर अंदाजानं ठरवतो. जुन्या शाखेला मागच्या महिन्यांचे आकडे हाताशी असतात; पहिल्या आठवड्यातल्या शाखेला काहीच नसतं. कमी काढला तर संध्याकाळी सातला ‘बन संपले’. जास्त काढला तर फेकायचा, कारण एकदा सुटलेला माल परत गोठवता येत नाही. थोडक्यात, काल रात्री काढला तेवढाच आज.

दुसरं, गाडी रोज येत नाही. मोठ्या साखळ्यांची गाडी तीन कप्प्यांची असते: उणे १८ चा फ्रोझन, १ ते ४ अंशांचा चिल्ड, आणि कोरडा. मागणी एक-दोन दिवस आधी नोंदवायची. मुंबई-पुण्याच्या डेपोतून निघालेली गाडी सातारा, कराड, कोल्हापूर अशी महामार्गावर सरळ जाते. सांगलीसाठी पेठ नाक्यावरून आत वळायचं, तिथून चाळीसेक किलोमीटर, माल उतरवायचा आणि परत. एकाच दुकानासाठी एवढा वळसा परवडत नाही, म्हणून महामार्गावरच्या गावांत या साखळ्या आधी येतात आणि आपण मागे राहतो. लोकांची आवड-निवड यात फारशी येत नाही. एक दुकान चाललं की दुसरं लवकर येतं ते याच हिशेबानं, गाडीचा वळसा दोघांत वाटला जातो.

लेट्यूस सगळ्यात नाजूक. ते कमी पडलं तर मेन्यूतले निम्मे बर्गर अडतात. पॅटी मात्र सहसा संपत नाहीत.

मिरजमेल
म्हणजे केएफसी १९९५ ला बेंगळुरूत, मॅकडोनाल्ड्स १९९६ ला दिल्लीत वसंत विहारला आणि लगोलग वांद्र्याला, आणि आपल्याकडचे लोक कोल्हापूर-पुण्याला जाऊन खाऊन यायचे, त्याला कारण पेठ नाका! 😂

शीतपेटी
हसा, पण बरंचसं तेच. मॅकडोनाल्ड्सला सुद्धा आधी गोठलेला माल नेण्याची व्यवस्था उभी करावी लागली, मग दुकानं वाढली. दुसरं कारण गिऱ्हाईक विखुरलेलं असणं. आता हे एकच दुकान आहे म्हणून तासगाव, जयसिंगपूर, आष्टा, कवठेमहांकाळ सगळं तिथेच येऊन पडतं. पुण्यात नवीन शाखा उघडली तर तिच्या वाट्याला एक-दोन पेठा येतात, इथे अर्धा जिल्हा.

सातारी_कंदी
साताऱ्याचा अनुभव वेगळ्या तऱ्हेचा. महामार्गाकडेच्या आउटलेटला गाव फारसं जात नाही, वाहतं गिऱ्हाईक असतं. शुक्रवारी रात्री पुण्याहून खाली उतरणारं आणि रविवारी संध्याकाळी पुण्याकडे परतणारं. तिथे स्क्रीनच्याही आधी पार्किंग बघायचं. लक्झरी उभी असेल तर दहा मिनिटांत तीस-चाळीस माणसं आत शिरणार, आणि ती वीस मिनिटांच्या थांब्यात खाऊन निघायच्या घाईत असतात. त्यांच्या पुढे घुसता आलं तर बघा, नाहीतर बस हलेपर्यंत गाडीतच बसा. बस गेली की पाच मिनिटांत काउंटर मोकळा.

शुभा_कुपवाड
काय मागवलं तर लवकर मिळतं ते राहिलं. आणि व्हेज-नॉनव्हेज वेगळं करतात का खरंच? सासूबाई विचारतायत, श्रावणात प्रश्न येणारच.

भट्टीवाला
ताई, दुसरं आधी. मोठ्या साखळ्यांच्या भारतातल्या किचनमध्ये व्हेज आणि नॉनव्हेजची लाइन वेगळी असते: फ्रायर वेगळा, तेल वेगळं, चिमटे-भांडी वेगळी, व्हेजवर काम करणाऱ्याचा एप्रन बहुधा हिरवा. फ्राइज व्हेजच्या बाजूला. मेयोनीज बिनअंड्याचं. पण ‘बहुतेक ठिकाणी असतं’ यावर जाऊ नका. काउंटरवर सरळ विचारा की फ्राइज कोणत्या फ्रायरमध्ये तळता. बऱ्याच आउटलेटमध्ये काउंटरवरून फ्रायर दिसतोही. ग्रिलवर भाजलेल्या वस्तू आणि टोस्टर सामायिक आहे का, हेही त्याच दमात विचारून घ्या. गर्दीत व्हेजच्या पोराला मदतीला चिकनकडे पळवतात, तेव्हा एप्रन आणि हातमोजे बदलले का यावर नजर ठेवायला हरकत नाही.

आता काय मागवायचं. मेन्यूतला साधा व्हेज बर्गर सगळ्यात वेगात, कारण पॅटी सतत तळून गरम कॅबिनेटमध्ये तयार असते. बन शेकणं, सॉस, पॅटी, गुंडाळणं, मिनिटभरात खलास. ‘कांदा नको, सॉस कमी’ म्हटलं की तो बर्गर ओळीतून बाहेर निघतो, कोणीतरी हातातलं काम थांबवून तो वेगळा बनवतो. जैन ऑर्डरचंही तेच. मागू नका असं नाही, हक्कच आहे तुमचा, फक्त पाच-सात मिनिटं जास्त धरा.

हाडाचं तळलेलं चिकन हे सगळ्यात वेळखाऊ. पीठ लावायचं, प्रेशर फ्रायरमध्ये बारा ते पंधरा मिनिटं, मग निथळणं. कॅबिनेट रिकामं झालं तर पुढचा घाणा यायला पाव तास लागतोच, त्यात काही करता येत नाही. आतून कच्चं राहिलं तर लोक आजारी पडतील, म्हणून कोणी घाईही करणार नाही. ऑर्डर देण्याआधी विचारा: ‘चिकन तयार आहे का, की नवीन लागलंय?’ नवीन लागलं असेल तर एका अर्थी उत्तम, ताजं मिळेल. पण मुलांचे बर्गर त्याच बिलात अडकवू नका. दोन वेगळी बिलं करा. ट्रे पूर्ण झाल्याशिवाय नंबर पुकारत नाहीत, आणि एका चिकनपायी चार बर्गर थंड होतात.

भावा_सांगलीकर
सॉफ्टी कायम ‘मशीन बंद’ का असतंय ओ? नवं कोरं मशीन आणि चौथ्या दिवशी बंद?

भट्टीवाला
बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. एक, लागोपाठ पंचवीस-तीस कोन काढले की आतल्या नळकांड्यात आलेलं नवं मिश्रण गोठायला वेळच मिळत नाही, पातळ यायला लागतं. मग दहा-पंधरा मिनिटं थांबवतात. दोन, बऱ्याच मशीनमध्ये रोज एकदा मिश्रण तापवून परत थंड करायचा फेरा असतो. साधारण चार तास चालतो आणि मध्येच तोडता येत नाही. तो रात्री लावायचा असतो. रात्री लावायला विसरले, किंवा फेरा चालू असताना लाइट गेली, की दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन ‘बंद’. वळवाच्या पावसात लाइटीची काय गत असते हे सांगलीकराला सांगायला नको.

कोल्डड्रिंक बेचव लागलं तर तेही लगेच सांगा. एक भाग सिरप आणि पाच भाग सोडा असं ते तिथेच मिसळतं. गॅसचा सिलिंडर संपत आला किंवा पाणी पुरेसं गार नसलं की फसफस राहत नाही. गर्दीत बर्फाचं मशीन मागे पडतं तेव्हा हे जास्त होतं.

हिशेबी
पैशाचं राहिलं. पहिल्या रविवारी तिथे मोबाइलचं नेटवर्कच बसलं होतं, एवढी माणसं एका जागी. पाच-सहाशे रुपये रोख जवळ ठेवा. यूपीआयनं पैसे कापले गेले पण टोकन निघालं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. ॲपमधला बारा अंकी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, काउंटरवर दाखवा, त्यांच्याकडे आलेत का ते तपासायला लावा. आले नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते, तीही तुम्ही मागायची वाट न बघता.

बिलावर जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही. आणि मेन्यू बोर्डवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिलेल्या असतात, दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांना ते बंधनकारक आहे. वाचायच्या की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मिरजमेल
एक शंका. कोपऱ्यावरचा वडापाववाला एका कढईत तासाला दोनशे वडे काढतो, त्याच्याकडे रांग तुंबत नाही. यांच्याकडे लाखोंची यंत्रं. मग?

भट्टीवाला
त्याच्याकडे एकच पदार्थ आहे ना. वडा, पाव, चटणी, मिरची. निवड नाही, म्हणून विचारणं नाही, चुकणं नाही. पैसे हातात, वडा हातात, टोकनसुद्धा नाही. यांच्या बोर्डवर चाळीस पदार्थ, प्रत्येकाला आकार, पेय, जादा चीज. वडापावच्या गाडीवर चाळीस पदार्थ ठेवा, तीही तुंबेल. फरक तेलात मात्र बघा. टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात साठणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही हा नियम १ जुलै २०१८ पासून सगळ्यांना आहे, गाडीवाल्यालासुद्धा. साखळीवाले मीटर किंवा पट्टी लावून मोजतात. गाडीवर तेल काळं, घट्ट, फेसाळ दिसलं आणि तापायच्या आधीच धुरकटलं, की समजायचं.

कृष्णाकाठ
शेवटचं. तासगावला पार्सल न्यायचं आहे, पंचवीसेक किलोमीटर. फ्राइजचं काय करायचं?

शीतपेटी
पिशवीचं तोंड उघडं ठेवा. बंद केलं की वाफेनं पाच मिनिटांत लगदा. गार पेय आणि गरम पुडे एका पिशवीत नकोत. मेयो असलेले बर्गर दोन तासांच्या आत संपवा, उन्हात उभ्या गाडीत ठेवले असतील तर त्याच्याही आत. उरले तर ‘सकाळी खाऊ’ म्हणून ओट्यावर ठेवू नका.

घरी गेल्यावर फ्राइज मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामडं होतं. एअर फ्रायर असेल तर १८० अंशांवर तीन-चार मिनिटं. नसेल तर लोखंडी तवा चांगला तापवा, तेल टाकू नका, फ्राइज एका थरात पसरा, झाकण न ठेवता दोन मिनिटं, एकदा परतून अजून मिनिटभर. स्वतःचंच तेल सुटतं त्यात. मीठ लागलं तर खाली उतरवल्यावर.